दोऱ्याचं दुखणं मेकॅनिकवर सोडू नका



शिलाईचा धंदा नव्याने सुरू करणाऱ्या ताईंचे प्रश्न साधारण दोन प्रकारचे असतात. पहिला, "ब्लाऊजला भाव किती लावू?" आणि दुसरा, "दोरा सारखा तुटतोय, काय करू?" पहिला प्रश्न धंद्याचा आहे असं सगळेच मानतात. दुसरा मात्र "मशीनचा प्रॉब्लेम आहे, मेकॅनिकला दाखवा" म्हणून बाजूला टाकला जातो.

माझं मत वेगळं आहे. दोरा तुटणं, खाली गुंता होणं, टाके सुटणं हाही धंद्याचाच प्रश्न आहे. नवीन माणसासाठी तर तो भावाच्या आधीचा प्रश्न आहे, कारण मशीन बंद असेल तर भाव ठरवून उपयोग काय? म्हणून माझा आग्रह असा की, ज्या शिलाई क्लासमध्ये दोऱ्याची दुखणी ओळखायला आणि बरी करायला शिकवत नाहीत, तो क्लास अर्धाच आहे. मग तिथे कटिंग कितीही छान शिकवत असोत.

मशीन मिळतं, पुढे काय?

आज मशीन मिळवणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यात शिंपीकाम आहे. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाऊचर, आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज. चांगली योजना आहे, पात्र असाल तर जरूर घ्या.

पण कर्जाकडे जरा धंदेवाल्याच्या नजरेने बघा. १ लाख रुपये १८ महिन्यांत फेडायचे, म्हणजे नुसत्या मुद्दलाचाच हप्ता महिन्याला साडेपाच हजारांच्या वर जातो. दोरा तुटला म्हणून मशीन चार दिवस झाकून ठेवलं, तरी हप्ता काही झाकून ठेवता येत नाही.

आता एक साधा हिशोब करू. आकडे समजुतीसाठी आहेत, तुम्ही तुमचे टाका. समजा तुम्ही मुकुंदवाडीत किंवा हडकोत घरूनच काम करता. अस्तराच्या ब्लाऊजचे ४०० रुपये घेता आणि दिवसाला दोन ब्लाऊज निघतात. मशीन अडकलं. मेकॅनिकला फोन केला, तो म्हणाला "उद्या येतो", आणि आला परवा. दोन दिवस गेले, म्हणजे चार ब्लाऊज, म्हणजे १६०० रुपयांचं काम. वर त्याची मजुरी ३०० धरा. त्याने येऊन काय केलं? सुई बदलली, दोरा नीट ओवला, शटलमधला कचरा काढला. दहा मिनिटांचं काम आणि फटका १९०० चा! शिवाय लग्नसराईत ज्या ताईचं ब्लाऊज वेळेवर गेलं नाही, ती पुढच्या वेळी शेजारच्या गल्लीतल्या टेलरकडे जाते. तो तोटा कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.

आधी टाका कसा बसतो ते समजून घ्या

मशीनची भीती वाटते, कारण आत काय चाललंय ते दिसत नाही. ते एकदा कळलं की भीती निम्मी होते.

आपल्या घरगुती मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. एक वरून, रिळातून येतो. दुसरा खालून, बॉबिनमधून. सुई वरचा दोरा घेऊन कापडाखाली जाते, तिथे शटल त्या दोऱ्याचा फास पकडून बॉबिनभोवती फिरवतं, आणि वर-खाली हलणारा लिव्हर उरलेला दोरा वर ओढून घेतो. दोन्ही दोरे कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकले की टाका बसला. अमेरिकेत एलियास होवे याने १८४६ मध्ये अशा टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं. तुमच्या घरातलं पायाचं काळं मशीन असो किंवा हजारो रुपयांचं मोटारवालं, मूळ तत्त्व तेच आहे. त्यामुळे "नवीन मशीन घेतलं की ही कटकट संपते" हा निव्वळ गैरसमज आहे. नवीन मशीनवरही दोरा चुकीचा ओवला तर गुंता होणारच.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण निम्मे लोक इथेच चुकतात. गुंता कापडाच्या ज्या बाजूला दिसतो, दोष बहुतेक वेळा त्याच्या उलट बाजूला असतो. कापडाच्या खाली दोऱ्याची जाळी झाली की आपण बॉबिन काढतो, बॉबिन केसचा स्क्रू पिळतो, खालचंच सगळं खोलतो. पण खाली जमलेला तो दोरा वरचा असतो. वर त्याला कुणी धरून ठेवलेलं नसतं, म्हणून तो खाली सांडतो. याच्या उलट, कापडाच्या वरच्या बाजूला खालच्या दोऱ्याचे फास दिसले, तर खालचा दोरा सैल आहे किंवा वरचा फार घट्ट आहे. खात्री करायची असेल तर वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावून चिंधीवर शिवून बघा. कुठला दोरा कुठे पळतोय ते लगेच कळेल.

स्क्रूला हात सगळ्यात शेवटी

दोरा तुटला की पहिला हात जातो टेन्शनच्या स्क्रूकडे. माझा सगळ्यात मोठा आक्षेप याच सवयीला आहे. काल मशीन नीट चालत होतं ना? मग स्क्रू रात्रीतून आपोआप फिरला का? बदललेलं दुसरंच काहीतरी असतं. ते न शोधता स्क्रू फिरवला की एका बिघाडाचे दोन होतात.

म्हणून क्रम ठरवून घ्या. स्वस्त आणि सोपं आधी, अवघड शेवटी.

१. दोरा परत ओवा. पूर्ण काढा आणि पहिल्यापासून ओवा. ओवताना लिव्हर सगळ्यात वर हवा आणि कापड दाबणारा पाय उचललेला हवा. पाय खाली असेल तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही, नुसता वरून जातो. मग खाली जाळी होणारच. तपासायचं कसं? सुईजवळ दोरा हाताने ओढा. पाय वर असताना सहज यायला हवा, पाय खाली केल्यावर अडून यायला हवा. दोन्ही वेळेला सारखाच येत असेल तर दोरा चकत्यांमध्ये नाही. लिव्हरच्या भोकातून दोरा ओवायचा राहिला, तर दोन-चार टाक्यांतच मशीन जाम होतं.

२. रीळ बघा. दोरा रिळाच्या खाचेत अडकतोय का? दांडीभोवती गुंडाळला जातोय का? मग दोऱ्याचा एक तुकडा दोन्ही हातांत धरून ओढा. जुना, उन्हात राहिलेला दोरा पटकन तुटतो. गुलमंडी-शहागंजला एकदम डझनभर रिळं स्वस्तात मिळाली म्हणून आणतो आणि दोन वर्षं खिडकीत ठेवतो. रिळामागे वाचलेले चार रुपये मग असे निघून जातात. रिळं डब्यात, झाकून ठेवा.

३. सुई बदला. सुई मोडेपर्यंत वापरायची असते, हा समज सोडून द्या. साधारण आठ तास शिवणकाम झालं की सुई बदलावी. ती तुम्हाला सरळ दिसली तरी टोक बोथट झालेलं असतं. टाके सुटत असतील तर पहिला संशय सुईवर घ्या: बोथट आहे का, वाकलीय का, पूर्ण वरपर्यंत बसलीय का, उलटी लागलीय का? सुईला एका बाजूने लांब खाच असते. दोरा त्या खाचेच्या बाजूने ओवायचा. साध्या सुती कापडाला १४ नंबर, पातळ कापडाला ११, जीन्ससारख्या जाड कापडाला १६. जाड दोरा बारीक सुईत घातला की भोकाशी घासून त्याचे तंतू सुटतात आणि तो तुटतो. लक्षात घ्या, टाक्यात बसण्याआधी दोऱ्याचा तोच भाग सुईच्या भोकातून कित्येकदा ये-जा करतो. भोक जरा जरी खरखरीत असलं तरी दोरा टिकत नाही.

४. बॉबिन बघा. दोरा एका बाजूला ढीग आणि दुसरीकडे रिकामा, असा भरलाय का? परत भरा. बॉबिन केसच्या चपट्या पट्टीखालून दोरा गेलाय का? बॉबिन केस वेगळी निघत असेल तर दोऱ्याला धरून लटकवा. आपोआप सरसर खाली आली तर सैल. हलका झटका दिल्यावर थोडी खाली येऊन थांबली तर बरोबर. झटका देऊनही हलली नाही तर घट्ट.

५. साफ करा. सुईची प्लेट काढा, दात्यांमधला आणि शटलमधला कापडाचा भुसा ब्रशने काढा. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ किती असते, वेगळं सांगायला नको. चपट्या पट्टीखाली अडकलेला भुश्याचा एवढासा कण टेन्शन बिघडवतो. तेल मशीनचंच घाला. खोबरेल तेल चिकट होतं, थंडीत थिजतं आणि आतले भाग जड करतं. तेल घातल्यावर आधी चिंधीवर शिवा, नाहीतर डाग गिऱ्हाईकाच्या कापडावर पडेल.

६. प्लेटच्या भोकावर दोरा फिरवून बघा. सुई कधी प्लेटवर आपटून मोडली असेल तर भोकाच्या कडेला ओरखडा राहतो आणि दोरा तिथे कापला जातो. कापूस किंवा दोरा फिरवल्यावर अडकला तर तिथे ओरखडा आहे. अगदी बारीक पॉलिश पेपरने हळूच घासून तो जातो, नाहीतर प्लेट बदला.

७. आता टेन्शन. आधी वरचं. मूळ जागेचा मोबाईलवर फोटो काढा, थोडं फिरवा, चिंधीवर शिवून बघा. बॉबिन केसचा स्क्रू त्याच्याही नंतर, आणि एका वेळी पाव फेरीपेक्षाही कमी.

आणखी दोन सवयी. शिवण सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं पायाच्या मागे धरून ठेवा. सुरुवातीचा गुंता बराचसा तिथेच थांबतो. आणि चाक नेहमी स्वतःकडे फिरवा. पायाच्या मशीनवर नवीन माणसाचं चाक उलटं फिरतं आणि दोरा लगेच गुंततो. मशीन चांगलं असतं, फक्त पाय अजून सरावलेला नसतो.

शिवण उलटून बघा

आपल्या जिल्ह्याला दोऱ्याचा वारसा मोठा आहे. शहरात हिमरू, आणि पन्नासेक किलोमीटरवर पैठणची पैठणी. हातमागावरच्या पैठणीची जाणकार गिऱ्हाईक पदर उलटून बघते, कारण खऱ्या हातविणीत नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. शिलाईलाही हीच परीक्षा लावा. ब्लाऊज गिऱ्हाईकाला देण्याआधी उलटा करा. दोन्ही बाजूंचा टाका सारखा दिसतोय? मग तुमचं टेन्शन बरोबर आहे. खालून फास लोंबताहेत? मग इस्त्रीने ते झाकू नका. तीन धुण्यांत ती शिवण उसवेल आणि नाव तुमचं खराब होईल.

आणि मागावरचा विणकर बघा. काम चालू असताना धागा तुटला तर तो कुणाला फोन करत नाही. धागा शोधतो, सांधतो आणि पुढे विणतो. तुटलेला धागा सांधणं हा त्याच्या कलेचाच भाग असतो. मग शिलाईवालीला आपण हे का शिकवत नाही? तिच्या हातात कात्री देतो, टेप देतो, पण पेचकस दिला की "राहू दे, तुला नाही जमायचं, दादा बघतील" म्हणतो. मला हे पटत नाही. ज्या हातांना प्रिन्सेस कटचा ब्लाऊज जमतो, त्या हातांना बॉबिन केसचा एक स्क्रू जमणार नाही?

मग मेकॅनिकने काय करायचं?

काहीजण म्हणतील, "मेकॅनिकच्या पोटावर कशाला पाय देता?" अजिबात नाही. सुई आणि शटलची वेळ चुकली, सुईची दांडी खाली-वर सरकली, शटल झिजलं, मोटर जळायचा वास आला, तर तो त्याचाच प्रांत आहे. तिथे स्वतः खोलाखोल करू नका. वरचे सातही टप्पे करून फरक पडला नाही तर बिनधास्त बोलवा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. फरक एवढाच की तुम्ही त्याला "मशीन चालत नाही" असं सांगणार नाही. "सुई नवी आहे, दोरा परत ओवलाय, साफ केलंय, तरी टाके सुटतात" असं सांगाल. चांगल्या मेकॅनिकला असं गिऱ्हाईक आवडतं. त्याचाही वेळ वाचतो आणि कुणी तुम्हाला नको ते पार्ट विकू शकत नाही.

मोठं काम आलं तर?

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्य सरकारने सरकारी शाळांच्या गणवेशाची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, म्हणजे माविमच्या, बचत गटांकडे दिली. शाळा सुरू होऊन महिने झाले तरी अनेक ठिकाणी गणवेश पोचले नाहीत, मापाच्या तक्रारी आल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यायचं ठरवलं. त्याचं खापर शिवणाऱ्या बायकांवर फोडणं चुकीचं आहे. कापड वेळेवर पोचणं, मापं, वाटप, यातलं बरंच काही त्यांच्या हातात नव्हतंच.

पण यातून आपल्यासाठी एक धडा आहे. मोठी ऑर्डर म्हणजे तारीख. गटात दहा मशीन आहेत आणि त्यातली तीन दोऱ्यासाठी अडून बसली, तर ऑर्डर कितीही चांगली असो, ती वेळेत पूर्ण होत नाही. कापड उशिरा आलं तर आपण काही करू शकत नाही. मशीन चालू ठेवणं मात्र आपल्या हातात आहे. म्हणून प्रत्येक गटात निदान दोघी अशा हव्यात ज्यांना दोऱ्याची दुखणी चेहऱ्यावरून ओळखता येतात. त्यांना त्या कामाचे पैसेही द्या. "ती करते ना मदत" म्हणून फुकटात राबवू नका.

क्लासवाल्यांना माझी विनंती

पाच-सात दिवसांत वेळ कुठे आहे, असं म्हणू नका. दोन तास लागतात. पहिल्या दिवशी कापड बाजूला ठेवा आणि प्रत्येकीकडून दहा वेळा दोरा ओवून, दहा वेळा काढून घ्या. शेवटच्या दिवशी परीक्षा घ्या. मशीन मुद्दाम बिघडवा: एकात सुई उलटी लावा, एकात लिव्हर चुकवा, एकात पट्टीखाली भुसा ठेवा, एकात बॉबिन वेडीवाकडी भरा. आणि म्हणा, "शोध बरं ताई." जिने शोधलं तिला सर्टिफिकेट द्या. मशीन विकणाऱ्या दुकानदारांनीही डेमो देताना स्वतः शिवून दाखवण्यापेक्षा गिऱ्हाईकाच्या हाताने दोरा ओवून घ्यावा.

तुम्ही क्लास लावणार असाल तर फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: "दोरा तुटला तर काय करायचं, हे माझ्या हाताने करून घेणार का?" उत्तर "ते काय, सहज जमतं" असं आलं तर दुसरा क्लास बघा.

आणि ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनी याच आठवड्यात एक डबा करा. सुयांची दोन-तीन पाकिटं, ब्रश, मशीनचं तेल, लहान पेचकस, एक जादा बॉबिन केस, पाच-सहा भरलेल्या बॉबिन. वरचे सात टप्पे कागदावर लिहून मशीनच्या टेबलाला चिकटवा. घरात झाकून ठेवलेलं एखादं मशीन असेल, आईचं, सासूबाईंचं, योजनेतून आलेलं, तर आधी पहिला टप्पा करून बघा. ते खराब झालंय असं ठरवण्याआधी त्याला नवी सुई आणि नीट ओवलेला दोरा एवढं तरी मिळू द्या.

काम चालू ठेवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!